शिपायाची राणी

जिल्ह्याला सगळं होतं. कचेरी होती, तिजोरी होती, तुरुंग होता, आणि तुरुंगाला लागूनच न्यायालय होतं, त्यामुळे कैद्यांना फार चालावं लागत नसे. नव्हता तो फक्त इतिहास. तो असणार तरी कुठून? शेजारच्या दोन मोठ्या जिल्ह्यांना आपला जो जो कोपरा सांभाळवत नव्हता तो त्यांनी काढून टाकला, वरच्या कुणीतरी ते दोन तुकडे जोडले आणि त्याला जिल्हा म्हटलं. नदी होती तिथे नदीला हद्द ठरवलं, नदी नव्हती तिथे पट्टी ठेवून रेघ मारली. मुख्य ठाणं कुठे करायचं यावरून दोन गावांत डोकी फुटली, म्हणून ज्या तिसऱ्या गावाने काहीच मागितलं नव्हतं त्याच्या गळ्यात कचेरी पडली. ते गाव बिचारं अजून त्यातून सावरलेलं नाही.

अशा जिल्ह्यात साहेब म्हणून येणार कोण? ज्याने वर कुणाची तरी खोड काढली असेल तो. तो तोंड पाडून यायचा आणि बदलीचा हुकूम हातात पडला की हसत जायचा. पण मधल्या काळात त्याला भाषणं करावी लागत, आणि प्रत्येक भाषण 'या ऐतिहासिक भूमीत' असं सुरू करायची साहेब लोकांना खोड असते. त्यामुळे खुर्ची जरा गरम झाली की प्रत्येक जण विचारायचा, "इथला इतिहास काय आहे?"

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा खोलीत अव्वल कारकून होता आणि पाण्याचा ग्लास घेऊन उभा असलेला एक नवा शिपाई होता. अव्वल कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढ्यात इतिहास सुचेल अशी त्याला आशा असावी. साहेबाने कंटाळून मागच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून एक बोडकी टेकडी दिसत होती.

"त्या टेकडीवर काय आहे?"

टेकडीवर शेळ्या होत्या. शिपायाला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो टेकडीच्या पायथ्याशीच राहायचा. पण साहेबाने एवढ्या अपेक्षेने विचारावं आणि आपण शेळ्या म्हणावं, हे काही त्याच्या जिवाला पटेना. 'माहीत नाही' म्हणायची तर सोयच नव्हती. कचेरीत ते शब्द फक्त साहेबाने उच्चारायचे असतात, इतरांनी उच्चारले की साहेब ओरडतो.

"तिथं राणी राहायची, साहेब," शिपाई म्हणाला.

साहेबाचा चेहरा असा काही खुलला की शिपायाने पाण्याचा ग्लास हातात धरूनच राणीला एक वाडा, एक तलवार आणि एक दगाबाज भाऊ देऊन टाकला. त्या दिवसापासून कचेरीने त्याचं नाव बखर ठेवलं. त्याच्या बायकोला आपसूक बखरीण हे नाव लागलं, तिचा यात काडीचा दोष नसताना.

पुढे साहेब येत गेले आणि राणी वाढत गेली. पाण्याची आवड असलेला साहेब आला तेव्हा राणीने विहिरी खोदल्या. कडक साहेब आला तेव्हा ती उजाडतानाच दरबार भरवून उशिरा येणाऱ्या कारकुनांना उन्हात उभं करायला लागली. साहेबाला ही कल्पना फारच आवडली आणि त्यानंतर कितीतरी दिवस कारकून बखरशी बोलत नव्हते. एका साहेबाचं घरी पटत नसे. त्याच्यासाठी राणी जन्मभर एकटी आणि अतिशय सुखात राहिली.

अडचण यायची ती घरी. बखरच्या बायकोला खोट्याचा मनापासून तिटकारा होता. नको असलेला माणूस दारात आला आणि बखर आतून खुणा करू लागला, तरी ती 'घरात नाहीत' असं कधी म्हणाली नाही. 'घरात आहेत, पण भेटायचं नाही म्हणतात,' असं सरळ सांगायची. पण राणीच्या बाबतीत ती गप्पा मारायला तयार असे. जेवायला बसलं की इतर बायका नवऱ्याला कचेरीचं विचारतात, तशी ही विचारायची, "आज तुमच्या राणीने काय केलं?"

"आज तिने नातवाला गादीवर बसवलं."

"नातू कुठून आला? मागच्या साहेबांना तर तिला मूलबाळ नव्हतं सांगितलंत. लग्नच नव्हतं केलं तिने."

"असं होय!" बखर घास हातात धरून विचारात पडायचा. "मग दत्तक घेतला म्हणू?"

"म्हणा काहीही. पण त्या बाईच्या जिवाला जरा स्वस्थता द्या. एकदा म्हणता लढाईत पडली, एकदा म्हणता म्हातारी होऊन गेली. काय ते एक ठरवा."

म्हणजे खोटं बोलायचं नवऱ्याने, आणि ते नीट लक्षात ठेवायचं बायकोने. अशी त्या घराची वाटणी होती आणि ती छान चालली होती.

घराबद्दल सांगायला हवं. दोन खोल्या, मागे धुण्याचा दगड, पुढे अंगण. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण लग्नानंतर हे घर होईपर्यंत बखरची बायको दुसऱ्यांच्या घरांत भाड्याने राहिली होती, आणि त्या प्रत्येक घरात स्वयंपाकघरातली फळी घरमालकाच्या उंचीची होती. ती बुटकी. डबा काढायचा तर पाट घ्या, पाटावर चढा, उतरा. स्वतःचं घर बांधताना गवंडी आला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात वर केला आणि म्हणाली, "इथं." गवंड्याने तिच्या बोटांच्या टोकाशी कोळशाने खूण केली आणि तिथेच फळी ठोकली. बखर उंच होता. ती फळी त्याच्या कपाळाला येई आणि पहिली काही वर्षं तो रोज तिच्यावर आपटे. पण ती हलवू या, असं म्हणायची त्याची कधी हिंमत झाली नाही.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात वरून फर्मान आलं. प्रत्येक जिल्ह्याने आपला इतिहास लिहून पाठवावा, आणि इतिहास नसल्यास तो का नाही याचा खुलासा करावा.

खुलासा या शब्दाला कचेरी जेवढी भिते तेवढी ती आगीलाही भीत नाही. अव्वल कारकुनाने तो कागद 'तातडीचे' असा शेरा मारून तालुक्याला ढकलला. तालुक्याने 'अति तातडीचे' लिहून तलाठ्याकडे ढकलला. तलाठ्याच्या खाली ढकलायला कुणी नव्हतं. तो एक शिक्का मारून घ्यायला जिल्हा कचेरीत आला होता, तिथे साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बखर बसलेला त्याला दिसला.

"काय रे, टेकडीवर कुणी राणीबिणी होती म्हणे?"

"होती तर," बखर म्हणाला आणि स्टुलावर जरा सरकून त्याने तलाठ्याला जागा करून दिली.

तलाठ्याने लिहून घेतलं आणि वर पाठवलं. तालुक्याने वाचलं, 'राणी' शब्दाच्या आधी 'थोर' घातलं आणि शिक्का मारला. जिल्ह्याने 'पराक्रमी व न्यायप्रिय' घातलं आणि त्याहून मोठा शिक्का मारला. वर गेल्यावर कुणीतरी तिला एक शतक देऊन टाकलं. शिक्के बसत गेले तशी राणी खरी होत गेली, आणि शेवटी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक होऊन ती परत त्याच कचेरीत आली. अव्वल कारकुनाने बखरला पुढ्यात उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. "स्थानिक परंपरेनुसार, या टेकडीवर..."

"भाऊसाहेब, ही स्थानिक परंपरा म्हणजे कोण?" बखरने विचारलं.

"असते एक," अव्वल कारकून म्हणाला. "तुला नाही कळायचं."

बखर त्या दिवशी घरी गेला तो हवेत तरंगतच. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भांडी आवरता आवरता म्हणाली, "छापलं म्हणता? मग आता ती तुमच्या हातात राहिली नाही."

तिचं म्हणणं किती खरं होतं ते नव्या मॅडम आल्यावर कळलं.

नव्या मॅडम आधीच्या साहेबांसारख्या नव्हत्या. त्या तरुण होत्या, हुशार होत्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना काम करायचं होतं. आल्या आल्या त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, जे लिहिणाऱ्यांपैकीही कुणी केलं नव्हतं. मग मागच्या खिडकीशी उभ्या राहून त्या अव्वल कारकुनाला म्हणाल्या, "एवढी मोठी राणी, आणि तिथे शेळ्या चरतात? लाज वाटायला हवी आपल्याला." टेकडीभोवती भिंत घालायची, बाग करायची, दरवाजा उभारायचा आणि पायथ्याशी गाड्या लावायला मोकळी जागा ठेवायची असं ठरलं. हे सगळं दारापाशी उभ्या असलेल्या बखरने ऐकलं आणि त्याचा ऊर भरून आला. पायथा म्हणजे कोणता पायथा, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

ते शिरलं मोजणीवाले आले तेव्हा. त्यांनी फीत ताणली, झेंड्या रोवल्या, आणि मोजत मोजत येऊन एक लाल रंगाची खुंटी बखरच्या धुण्याच्या दगडाशेजारी ठोकली. दुसरी अंगणाच्या पुढच्या टोकाला ठोकली. घर दोन खुंट्यांच्या मध्ये आलं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"राणीची हद्द," मोजणीवाला म्हणाला. "एवढं सगळं मोकळं करायचंय. तुम्हाला नव्या वसाहतीत जागा मिळेल. पक्कं घर. सगळी एकसारखी असतात."

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि फळीवरचे डबे पुसत बसली, जे आधीच स्वच्छ होते. बखरला त्या क्षणी आपल्या जिभेची इतकी शिसारी आली की ती कुठेतरी काढून ठेवता आली असती तर त्याने ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी तो अव्वल कारकुनासमोर हात जोडून उभा राहिला.

"भाऊसाहेब, राणी नव्हती."

"नव्हती असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही कुठं. पण मीच बनवली ती. तोंडाला येईल ते सांगत गेलो."

अव्वल कारकुनाने चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू बनवलीस? अरे, तू चतुर्थ श्रेणीचा माणूस. या कचेरीत तुला एक खुर्ची इकडची तिकडे करायची तर माझी सही लागते. आणि राणी बनवलीस? कुणाच्या मंजुरीने?"

बखरने जोडलेले हात सोडले. तो तसाच मॅडमच्या खोलीत घुसला. मॅडमनी मात्र त्याला बसायला सांगितलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसू लागली. बखरला वाटलं, सुटलो.

"मला समजतं," मॅडम म्हणाल्या. "घर जातंय म्हटल्यावर माणूस काहीही बोलतो. पण म्हणून आपल्याच राणीला नाकारायचं? इतकं खोटं बोलू नये हो."

"मॅडम, जन्मात पहिल्यांदा खरं बोलतोय!"

मॅडमनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. "हे बघा. थोर, पराक्रमी, न्यायप्रिय. शतकसुद्धा दिलंय. स्थानिक परंपरा आहे ही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली."

"ती परंपरा म्हणजे मीच, मॅडम!"

मॅडम हसल्या. प्रेमाने हसल्या, हेच वाईट. बखर बाहेर येऊन स्टुलावर बसला आणि घंटा वाजली तरी त्याला ऐकू आली नाही.

घरात अबोला होता. बायको वेळेवर वाढत होती, पण आज राणीने काय केलं, हे विचारत नव्हती. बखर समोरच्या ताटातला भात नुसता चिवडत होता. "अगं, काहीतरी बोल," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. "शिव्या दे हवं तर."

"मी विचार करतेय," बायको म्हणाली. "मला सांगा, ती लढाईत पडली, की म्हातारी होऊन गेली? पुस्तकात काय आलंय?"

"म्हातारी होऊन."

"बरं झालं," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

मग मॅडम जागेची पाहणी करायला आल्या. बरोबर अव्वल कारकून, मोजणीवाले आणि मागे मागे बखर, मान खाली घालून. आपल्याच अंगणात तो पाहुण्यासारखा कडेला उभा राहिला. बायको पाणी घेऊन बाहेर आली.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "राणीसाठी एवढं करायलाच हवं ना?"

"करायलाच हवं," बायको म्हणाली. "मी सामान बांधायला घेतलंच होतं. फक्त एक अडचण आहे. राणीचा हुकूम कोण मोडणार?"

"कुठला हुकूम?"

बखरने चमकून मान वर केली. बायको पदराला हात पुसत शांत उभी होती, जणू शेजारणीला साखरेचं माप सांगत होती.

"राणी म्हातारी झाल्यावर तिला टेकडी चढवेना. पालखी न्यायची तर वाट रुंद हवी. तिच्या कारभाऱ्यांनी पायथ्याची घरं पाडायला माणसं पाठवली. इथं एक बाई राहायची. ती म्हणाली, चुलीवर भात आहे, तो होऊ द्या, मग पाडा. माणसं थांबली. भात झाला तर म्हणाली, आता डाळ ठेवलीय. पालखी खोळंबली. राणी वैतागून स्वतः खाली उतरली, बघते तर बाई चुलीपुढून उठायलाच तयार नाही. राणीने विचारलं, तुला माझी भीती नाही वाटत? बाई म्हणाली, वाटते, पण उठले तर परत कुठे बसू? मग राणीने कारभाऱ्यांना सांगितलं, चूल पेटलेली आहे तोवर पायथ्याचं घर हलवायचं नाही. मी नाही, आणि माझ्यामागून येणाऱ्या कुणीही नाही. त्यानंतर ती जन्मात टेकडीवर गेली नाही. खालीच राहिली आणि खालीच गेली."

मोजणीवाल्याने हातातली फीत हळूच गुंडाळली.

"हे पुस्तकात नाही," मॅडम म्हणाल्या.

"कसं असेल? पुस्तकात यांना आठवलं ते आलं. तलवारी, दरबार. चुलीचं यांना काय आठवणार? मला कुणी विचारायला आलंच नाही."

मॅडमनी अव्वल कारकुनाकडे पाहिलं. अव्वल कारकुनाच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यात त्याने पुष्कळ गोष्टींवर शंका घेतली होती, पण हुकूम म्हटल्यावर कधी घेतली नव्हती.

"मॅडम, अडचण खरी आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हुकूम वरचा आहे. रद्द करायचा तर निदान त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याने करायला हवा. आपला दर्जा, माफ करा, राणीच्या खाली येतो."

मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग त्या उघड्या दारातून आत डोकावल्या. चूल पेटलेली होती, वर कसलंसं पातेलं होतं, आणि फळीवर डबे ओळीने मांडलेले होते. मॅडमचं लक्ष त्या फळीवर का खिळलं कुणास ठाऊक. त्यांनी सहज हात वर केला तर फळी त्यांच्याही बोटांना लागली. त्याही बुटक्याच होत्या. त्यांनी हात खाली घेतला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे बखरला शेवटपर्यंत समजलं नाही.

"नोंद घ्या," त्या अव्वल कारकुनाला म्हणाल्या. "स्थानिक परंपरा."

लाल खुंट्या निघाल्या. भिंत झाली, बाग झाली, दरवाजा झाला, पण भिंत बखरच्या घराशी येऊन वळली आणि वळसा घालून पुढे गेली. तिथे दगडात कोरून राणीचा हुकूम लावला. शेळ्या भिंतीवरून उडी मारून आत जातच राहिल्या. त्यांच्याबद्दल राणी काही बोलली नव्हती.

भिंत पुरी झाली त्या दिवशी बखर बायकोसमोर येऊन बसला. त्याला रडू येत होतं आणि ते त्याने लपवलंही नाही. "माझ्यापायी तुला खोटं बोलावं लागलं," तो म्हणाला. "तू कधी बोलली नव्हतीस."

"मी कुठे खोटं बोलले?" बायको म्हणाली. "एवढी वर्षं रोज जेवायला आपल्यात असायची ती. कुठे काय बोलेल ते मला कळत नाही होय?"

गोष्ट इथे संपली असती. पण दगडात कोरलेली अक्षरं माणसं वाचतात, आणि वाचता न येणारी दुसऱ्याकडून वाचून घेतात. एके सकाळी बखर कचेरीला निघायच्या बेतात होता, तेव्हा अंगणात पाच-सहा बायका आणि दोन म्हातारे येऊन उभे राहिले. लांबून आले होते, पाय धुळीने भरले होते. जिल्ह्याच्या पार त्या टोकाचे, जिथे पट्टी ठेवून रेघ मारली होती तिथले. त्यांच्या वस्तीतून मोठा रस्ता जायचा होता. पुढे उभ्या असलेल्या बाईने पदराखालून एक लाल खुंटी काढली आणि पायरीवर ठेवली.

"आमच्या वस्तीचं पुस्तकात काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून विचारायला आलो. राणी कधी आमच्याकडून गेली होती का?"

बखरने तोंड उघडलं. आणि काय चमत्कार, एवढ्या वर्षांत जे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते तेच नेमके जिभेवर आले. "माहीत—"

"अहो, त्यांना आत तर येऊ द्या," मागून बायकोचा आवाज आला. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि चहाचं मोठं पातेलं ठेवलं. मग पायरीवरची खुंटी उचलून चुलीत सारली आणि त्या बाईला हाताला धरून आत बसवलं.

"गेली असेल की," ती म्हणाली. "जीव मोठा होता तिचा, कुठे कुठे फिरायची. तू आधी मला सांग, तुमच्या वस्तीत यायला वाट कुठून आहे? आणि पाणी कुठे लागतं?"